उरलेल्या कापडाचें वस्त्र

यवतमाळच्या बाजारांत हिवाळ्याच्या तोंडाशीं कापसाच्या गाड्या येऊं लागल्या म्हणजे वऱ्हाडचें पांढरें सोनें डोळ्यांत भरतें. या कापसाच्या वाहतुकीसाठींच विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे झाली. कापूस मुंबईकडे व तेथून परदेशीं जावा आणि कापड विकत घरीं यावें, असा तो व्यवहार होता. अशा जिल्ह्यांतील गृहिणीनें उरलेला तुकडा टाकतांना क्षणभर थांबावें, हें उचितच होय.

महाराष्ट्रांत चिंधी सहसा वायां जात नसे. ती गोधडींत जाई. परंतु गोधडीचा रंगीबेरंगीपणा अंगावरच्या वस्त्रास शोभत नाहीं. येथें सौम्य रंग उपयोगी पडतात. कोरा, बदामी, मातकट, राखी हे रंग परस्परांशीं भांडत नाहींत. निरनिराळ्या ठाणांतले तुकडे एकत्र आले तरी जोड डोळ्यांस खुपत नाहीं. तुकडा फारच पांढरा असेल तर घरींच रंगवितां येतो: बाभळीच्या सालीच्या काढ्यानें तपकिरी छटा येते, आणि हिरड्याच्या पाण्यांत भिजविलेल्या कापडास लोखंडाचें पाणी लागलें म्हणजे तें राखी-काळसर होतें.

मात्र घाई करूं नये. सर्व तुकडे आधीं भिजवून वाळवावे. नाहींतर एक आटतो, दुसरा आटत नाहीं, व पहिल्याच धुण्यांत शिवण गोळा होते. जाड व विरळ कापड एकत्र जोडूं नये. प्रत्येक तुकड्याचा उभा धागा उभाच ठेवावा. जुन्या पद्धतीचें कळीदार कुडतें या कामास उत्तम; कारण त्याचे भाग बहुतेक सरळ चौकोनी असतात. मोठ्या तुकड्यांची पाठ व पुढचे भाग, मधल्यांच्या बाह्या, लहानांच्या खांदपट्ट्या आणि बगलेंतील कळ्या कराव्या. शिवणीच्या कडा दुमडून आंत बंद केल्या म्हणजे धागे सुटत नाहींत.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, हिंदुस्थानांत कापड-नियंत्रणाचा हुकूम निघाला. विलायतेंत तर १९४१ च्या जूनपासूनच कपड्यांचें रेशनिंग होतें, आणि जुनें दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिका तेथें सरकारनेंच काढली. टंचाईंत जें शहाणपण ठरलें, तें सुबत्तेंत कंजूषपणा कसें ठरेल?

पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर दुःखानें घेतलें जाऊं लागलें. चार तुकडे जोडल्यानें कोणाचें कर्ज फिटत नाहीं. तसा दावा करणें ही त्या दुःखाची थट्टाच होईल. परंतु पावसाच्या भरंवशावर पेरलेलें, उन्हांत उभें राहून वेंचलेलें बोंड त्या वीतभर तुकड्यांत आहे. तो केरांत न टाकतां अंगावर घालणें, एवढा मान तर कोणत्याही घराला त्या श्रमास देतां येतो.