‘टेन्शन’ म्हणण्याआधी नाडी मोजा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



केंद्रावर आलेली बाई मारहाणीचं सांगते, पोटगीचं विचारते आणि उठता उठता म्हणते, “ताई, छातीत फार धडधडतं.” घरचे म्हणतात नाटक, डॉक्टर म्हणतात टेन्शन. तिची परिस्थिती पाहता ते पटतंही. पण ताण असलेल्या बाईला हृदयाचा आजार होत नाही, असं थोडंच आहे?

अमेरिकेत १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाएकी हृदय वेगाने धावण्याचा आजार ज्यांच्या पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नाही, त्यांच्यापैकी ६५ टक्के बायकांचा त्रास डॉक्टरांनी मनावर ढकलला होता. पुरुषांत हेच प्रमाण ३२ टक्के होतं.

म्हणून नाडी पाहायला शिकूया. बाईला पाच मिनिटं शांत बसवा. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, आपली मधली तीन बोटं ठेवा. आपला अंगठा वापरू नका. त्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. साधारणपणे ६० ते १०० ठोके पडतात.

धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते का? त्या वेळी ठोके एका लयीत, पण दीडशेच्या वर असतात का? मग नुसतं टेन्शन म्हणून सोडू नका. ठोक्यांना काही मेळच नसेल, तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन अर्धांगवायूचा धोका असतो. अशा बाईला विचारा: लहानपणी घसा धरून, ताप येऊन सांधे सुजले होते का? त्या तापाने हृदयाची झडप अरुंद होते. हा आजार बायकांत जास्त दिसतो आणि कित्येकदा बाळंतपणातच उघडकीला येतो. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं, तरी नाडी जलद चालते. त्याही तपासण्या करून घ्या.

धडधडीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं किंवा नाडी अगदी मंद होऊन चक्कर येणं, यांपैकी काहीही असलं तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

नाडीवरून निदान होत नाही. त्यासाठी ईसीजी लागतो, तोही धडधड चालू असताना. एरवी काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तरी प्रश्न संपत नाही. म्हणून तारीख, वेळ, ठोके किती, लय कशी, किती मिनिटं त्रास झाला, हे चिठ्ठीवर लिहून तिच्या हाती द्या. “काही नाही, टेन्शन आहे,” असं ऐकून परत येण्यापेक्षा, “हे आकडे पाहा, ईसीजी काढा,” असं म्हणायचं बळ त्या चिठ्ठीने तिला येतं.