एका लांबलचक शब्दाची फोड
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



तो शब्द म्हटल्याशिवाय तुम्ही मला खाली बसू देणार नाही, हे माहीत होतं. नववीच्या गॅदरिंगमध्ये एका दमात म्हटला होता: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत ४५ अक्षरं!

आधी 'अल्ट्रा'च्या पुढे गाडी जातच नव्हती. मराठीच्या बाई म्हणाल्या, "संधी सोडवतोस ना, तसा सोडव." न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, अल्ट्रामायक्रोस्कोपिक अतिसूक्ष्म, सिलिको म्हणजे सिलिका, व्होल्कॅनो ज्वालामुखी, कोनिओसिस धुळीचा आजार. सुरुवातीचा 'पी' मुका. 'स्कोपिक'मधला क 'बालक'मधल्या कसारखा, पाय मोडका. असे १९ तुकडे, आणि शेवटी जोर 'ओ'वर.

शब्द तसा हौशीच. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबीसाठी घडवलेला. डॉक्टर नुसतं 'सिलिकोसिस' म्हणतात.

त्या दिवशी वडील पाळी सुटल्यावर थेट आले होते, मागे उभे राहून खोकत होते. ते एका गिरणीत कार्डिंग खात्यात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळायची, आठवडा सरेल तशी मोकळी व्हायची. आई म्हणायची, "सुट्टीत गार पाणी प्यायलात, दुसरं काय!"

पुढे फार्मसी शिकताना पुस्तकात एक छोटा शब्द भेटला. बिसिनोसिस. सवयीनं फोडला: बि-सि-नो-सिस. मूळ ग्रीक 'बिसॉस', तलम कापड. कापसाच्या धुळीचा आजार, त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त. आमच्या घरचंच वर्णन छापलं होतं.

वडील तेव्हा निवृत्त झालेले, जिना चढताना दोनदा थांबायचे. त्यांना शब्द सांगितला. "बिसनोस," ते म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे ह्याला नाव हाय."

नाव होतं, पण कागदावर शेवटपर्यंत 'दमा' राहिलं. राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात हा आजार कामामुळे होणारा रोग म्हणून होता, दमा लिहिलं की ती वाटच बंद. एवढे १९ तुकडे पाठ करणाऱ्या मुलानं चार तुकड्यांचा शब्द इतक्या उशिरा वाचला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आज दुकानात कुणी म्हातारा गिरणी कामगार खोकल्याचं औषध मागायला आला की आधी विचारतो, "मामा, कुठल्या खात्यात होता?" कार्डिंग म्हणाले, तर चिठ्ठीवर तो शब्द लिहून देतो आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो. म्हणायला अडखळतात, मग काउंटरवर बोट आपटत चार तुकडे करून देतो.

बाई, अगदी तुम्ही टेबलावर पट्टी आपटायच्या तसंच.