व्हॉल्व्हमागची गुंडाळी

घरी गाणे ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचे महागडे अ‍ॅम्प्लिफायर घेणारे शौकीन आजही आहेत, आणि त्यांचा वाद व्हॉल्व्हवरच चालतो. ‘३०० बी’ गोड खरा, पण एकटा सुमारे ८ वॉट देणार. १९५३ च्या इंग्रजी ‘क्वाड टू’त केटी ६६ ची जोडी, १५ वॉट. १९६१ चा अमेरिकन मॅकिन्टॉश एमसी २७५, दर बाजूस ७५ वॉट. (८ वॉटचा घेणार असाल तर आधी घरचा लाउडस्पीकर पाहा, तो मंद असला तर तबल्याची थाप विरून जाते.)

मला विचाराल तर तुलना ट्रान्स्फॉर्मरची करावी. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा, लाउडस्पीकर बहुधा ८ ओहमचा. हा मेळ तो घालतो. एकट्या व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह गाभ्याचे लोखंड चुंबकत्वाने भरून टाकतो, म्हणून गाभा मोठा करून त्यात फट ठेवावी लागते. जोडीत हे ओझे परस्पर फिटते. शिवाय तारेचे थर एकाआड एक नीट बसले, तरच तंबोऱ्याची जवारी शाबूत राहते.

ट्रान्स्फॉर्मरच्या एका कारखान्यातल्या वाइंडिंग खात्यातल्या बाया आमच्या युनियनमध्ये होत्या. वेढे मोजताना चूक झाली की दिवसाची मजुरी कापली जाई. अकरा दिवस गेटावर बसलो, तेव्हा कुठे ती कपात थांबली.