यीस्टची तालीम



कार्यक्रमपत्रिका पाहून एका गृहस्थांनी मला मघाशीच विचारले, "पाव फुगवणाऱ्या यीस्टवर व्याख्यान देण्यासारखे आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पीठ फुगवीत. त्या सुरेतला कर्ता हाच एका पेशीचा जीव. पण मला आज यीस्टइतकेच त्याच्यापाशी शिकायला जाऊन बसणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर कोल्ड स्प्रिंग हार्बर ही जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. १९४५ साली माक्स डेलब्रुक यांनी तेथे जंतुभक्षक विषाणूंचा उन्हाळी वर्ग काढला होता. त्याच जागी १९७० साली जेरल्ड फिंक आणि फ्रेड शेरमन यांनी यीस्टच्या आनुवंशिकीचा वर्ग सुरू केला आणि तो दोघांनी मिळून सतरा वर्षे चालवला. मुदत तीन आठवड्यांची, विद्यार्थी सोळाच्या आसपास. आणि विद्यार्थी म्हणजे मिसरूड फुटलेली पोरे नव्हेत. डॉक्टरेट झालेले लोक येतात. स्वतःची प्रयोगशाळा चालवणारे प्राध्यापकही पुन्हा बाकावर येऊन बसतात.

आता आपण म्हणाल, इतक्या शिकलेल्या माणसांना पुस्तक वाचून हे जमत नाही काय? नाही जमत. भाकरीची कृती कागदावर उतरवून दिली म्हणून भाकरी थापता येते का?

त्यातले मुख्य काम सांगतो. यीस्टला उपाशी ठेवले की त्याची पेशी आपली गुणसूत्रे वाटून चार बीजाणू तयार करते आणि ते चारही एका इवल्या पिशवीत राहतात. गोगलगाईच्या पोटातून काढलेल्या पाचक रसाने पिशवीची भिंत सैल करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या सुईने एकेक बीजाणू उचलून अगरच्या थाळीवर ओळीने मांडायचा. बीजाणूचा आकार मिलिमीटरचे काही हजारांश. श्वास जोरात सोडला तरी हात हलतो. पहिल्या दिवशी भल्याभल्यांच्या सुया मोडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? मेंडेलला वाटाण्याची हजारो झाडे मोजावी लागली, तेव्हा त्याला प्रमाण सापडले. यीस्टमध्ये एकाच वाटणीचे चारही वारस एका रांगेत समोर उभे राहतात. अॅडेनीन बनवणाऱ्या एका विशिष्ट जनुकात बिघाड असलेले यीस्ट लाल दिसते. त्याचा पांढऱ्याशी संकर केला, तर चार बीजाणूंपासून दोन लाल आणि दोन पांढऱ्या वसाहती वाढायला हव्यात. बहुतेक वेळा तसेच होते.

पण एखाद्या रांगेत तीन पांढऱ्या आणि एकच लाल येते. मग काय समजायचे? सुईला भलताच बीजाणू चिकटून आला, की निसर्गानेच काही निराळे केले? कार्ल लिंडग्रेन यांना यीस्टमध्ये अशा चौकड्या सापडल्या आणि एक जनुक आपल्या जोडीदाराला स्वतःसारखे करून टाकते, असे त्यांनी म्हटले. पुष्कळांना ते पटले नाही; निराळी कारणे पुढे आली. १९५५ साली मेरी मिचेल यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीत तोच प्रकार दाखवला आणि वादाचे पारडे फिरले. ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, तो अशी रांग 'चूक' म्हणून पुसून टाकील.

येथे एक कबुली देतो. आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित आकडा आधी लिहिला जाई आणि प्रयोग त्याच्या मागून जमवला जाई. मीही ते केले आहे, आणि त्याबद्दल मला चांगले गुण मिळाले आहेत. तीन-एकची रांग माझ्यासमोर आली असती, तर मी ती दोन-दोन करून टाकली असती, यात मला शंका नाही.

त्या वर्गातून परतणारा माणूस तंत्र घेऊन जाई, वाण घेऊन जाई आणि पत्र पाठवल्यावर उत्तर देतील असे सोबती जोडून जाई. मला वाटते, शास्त्रात या तिसऱ्या गोष्टीचे मोल आपण फार कमी करतो. १९७८ साली हिनन, हिक्स आणि फिंक यांनी बाहेरचा डीएनए यीस्टमध्ये घालून दाखवला. १९९६ साली यीस्टचा सगळा जीनोम वाचून झाला: सोळा गुणसूत्रे, सुमारे सव्वा कोटी अक्षरे, सहा हजारांच्या आसपास जनुके. पेशीकेंद्र असलेल्या जीवांतला हा पहिलाच. त्यासाठी निरनिराळ्या देशांतले सुमारे सहाशे शास्त्रज्ञ राबले.

आज त्या वर्गाच्या नावातच जीनोमशास्त्र आले आहे. यंत्रे डीएनए वाचतात, संगणक हिशेब करतात. तरीही सूक्ष्मदर्शकापाशी ती सुई आहेच. सुई हाती धरल्यावर दोन-तीन दिवसांनी थाळी उबदार कपाटातून बाहेर येते. ठिपके अजून सगळे फिके असतात. लाली चढायला आणखी काही दिवस लागतात. तोवर विद्यार्थी एवढेच मोजतो, की प्रत्येक रांगेत चारांपैकी किती जगले.