चार पायऱ्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनींनी केलेले भाषण)



मला विषय दिलाय, ‘आरोग्य, दिव्यांगसेवा आणि तरुणांसाठी झटणाऱ्या संस्था’. एकतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, तेव्हा हिलाच बोलायला सांगा, असं ठरलं असावं. मी काही भाषणवाली नाही. तीन गोष्टी सांगते आणि शेवटी एक मागणं मागते. रागवायचं मात्र नाही.

पहिली गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत आम्हाला भीती वाटते. नातेवाइकांना बाहेर काढतात, पेशंट एकटा पडतो. मग त्यांच्या गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. बरोबरच्या माणसांची राहायची सोय झाली. नावही त्यांच्याच देवीचं दिलं, दंतेश्वरी. हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी वॉर्डात जन्मभर ‘नातेवाईक बाहेर थांबा’ एवढंच ओरडत आले. पेशंटला काय हवंय, हे विचारायचं सुचलंच नाही.

याच संस्थेनं दुसरं मोठं काम केलं ते नवजात बाळांचं. त्या भागातल्या ३९ गावांत १९८८ साली हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. डॉक्टर लांब, रस्ते तसेच. तेव्हा त्यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, ऊब द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं शिकवलं. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात. २००३ पर्यंत १२१ चा आकडा ३० वर आला. ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे काम छापून आलं आणि २०११ पासून आपल्या सरकारनं आशाताईंमार्फत देशभर ते सुरू केलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत फेऱ्या मारतात, त्याचं मूळ हे आहे. म्हणजे बाळं वाचली ती शेजारच्या बाईनं दार वाजवलं म्हणून.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. नसीमा हुरजूक हे नाव तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं. खेळणारी, बागडणारी मुलगी. ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ दि हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था काढली. मुलांसाठी वसतिगृह झालं, शाळा झाली, हाताला काम मिळालं. त्या शाळेत दिव्यांग आणि धडधाकट मुलं एकाच वर्गात बसतात. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की संस्था काढणारी बाई स्वतः चाकाच्या खुर्चीवर. कुणी कुणावर उपकार करत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पोरांसाठी. बंग दांपत्यानंच २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं, अठरा ते अठ्ठावीस वयाच्या मुलामुलींसाठी. शिबिरं घेतात, गावात पाठवतात आणि एकच प्रश्न विचारायला लावतात, माझ्या शिक्षणाचा उपयोग कुणाला? त्यातून कितीतरी तरुण डॉक्टर खेड्यात कामाला गेले.

आता आपल्या दारातली गोष्ट.

आपल्या पार्किंगमधून लिफ्टकडे जायला चार पायऱ्या आहेत. पंचवीस वर्षं आपण त्या मोजल्याही नाहीत. मागच्या वर्षी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी मोजल्या. एकेक पायरी सहा इंचाची, म्हणजे एकूण दोन फूट. चौदा महिने झाले, फक्त दवाखान्यात न्यायलाच हे खाली उतरलेत. गणपतीत मंडळाच्या पोरांनी खुर्चीसकट उचलून आणलं. पोरांची माया खरी, पण वर गेल्यावर हे म्हणाले, “मी काय पालखीतला देव आहे का? मला उचलू नका, मला येऊ द्या.”

फळी टाकली की झालं, असं वाटतं. मी टाकून पाहिली. उतार इतका चढा होतो की ढकलणाराच घसरतो. नियम असा, की एक फूट चढायचं तर बारा फूट उतार हवा. आपल्याला चोवीस फूट लागतो, म्हणजे दीड गाडीची जागा. सभेत विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाले, “वहिनी, एका माणसासाठी पार्किंग घालवायचं?” मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. कारण नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः कमिटीवर होते. बी विंगमधल्या आजींनी पायऱ्यांना कठडा मागितला होता. “पुढच्या मीटिंगला घेऊ,” असं मीच म्हटलं होतं. तो विषय पुन्हा आलाच नाही. आजी गेल्या. कठडा अजून नाही.

तेव्हा मी आज कुणाला दोष देत नाही. फक्त ‘एका माणसासाठी’ हे खरं आहे का, ते तपासू या. इथल्या पोरापोरींना माझं सांगणं, एक वही घ्या आणि दोन्ही विंगच्या अठ्ठेचाळीस घरांची दारं वाजवा. गडचिरोलीत विचारलं तसं विचारा. खाली यायला कुणाला जड जातं? कुणाचे गुडघे गेलेत? कुणी बाबागाडी उचलून नेतं? कुणाकडे येणारे पाहुणे पायऱ्यांमुळे येईनासे झाले? ती वही सर्वसाधारण सभेत ठेवा आणि मग मतदान घ्या. निकाल काही लागो, मी मान्य करीन. पण न विचारता ठरवू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. आपल्यातलं कुणीही वयानं त्यांतल्या कुठल्यातरी दारात जाऊ शकतं. हे मी शाप म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते.

भाषण लांबलं, तिकडे पंगत खोळंबली असेल. हे वर गॅलरीत बसून माझं बोलणं ऐकतायत. आज त्यांचं ताट मी वर घेऊन जाणार आहे. पुढच्या वर्धापनदिनाला ते इथं, तुमच्या पंगतीत असावेत, एवढंच मागणं.