कच्चा कैदी आणि चार कचेऱ्या

(तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, येथें दिलेलें भाषण)



आम्ही शाळामास्तर; कायदेपंडित नव्हों. पण पोर शाळेंत येईनासें झालें म्हणजे त्याच्या घरीं जाऊन विचारणें हें आमचें काम. असेच एका मजुराच्या घरीं गेलों. पोराचा बाप तुरुंगांत. जामीन मंजूर होऊन सात आठवडे झालेले, तरी माणूस आंतच! कां? तर जामीनदार ऐपतीचा पाहिजे, सातबारा पाहिजे. ज्याच्यापाशीं वीतभर जमीन नाहीं, त्याला सातबारा कोणी द्यावा? वकिलास वाटलें, माणूस सुटला. कोर्टाचें काम हुकूम देऊन संपलें. तुरुंग कागदांची वाट पाहत राहिला. बायको निंदणास जाई, पोर बकऱ्या राखी.

खटला उभा राहण्यापूर्वींचें काम पोलीस, सरकारी वकील, कोर्ट व तुरुंग अशा चार हातांतून जातें. एकाचा बैल एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे! पुराव्यांत काय उणें आहे हें सरकारी वकिलानें फौजदारास वेळींच सांगितलें नाहीं, तर तें भर खटल्यांत उघडें पडतें. प्रयोगशाळेचा अहवाल आला नाहीं, तारीख पुढें. कैद्यास आणावयास शिपाई मोकळे नाहींत, तारीख पुढें. यांत फिर्यादीहि बुडतो. ज्याची बैलजोडी चोरीस गेली त्याला तरी काय मिळालें? सरकारी वकील पोलिसांच्या हाताखालीं नसावा हें योग्यच. पण वेगळें असणें म्हणजे अबोला धरणें नव्हे.

३१ डिसेंबर २०२२ रोजीं देशांतील ५,७३,२२० बंद्यांपैकीं ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांत तीन. हे कोणाच्या घरचे, तें आम्हीं सांगावयास नको.

कायदा मुका नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ४७९ वें कलम म्हणतें कीं, फांशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल व दुसरा खटला चालू नसेल, तर पहिलाच गुन्हा असणाऱ्यानें कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आंत काढल्यावर त्यास सोडावें. इतरांस निम्म्या काळानें. त्यासाठीं कोर्टास अर्ज तुरुंगाधिकाऱ्यानेंच करावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांना एकत्र बसवून कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती नेमण्यास सांगितलें. तसेंच ३१ जानेवारी २०२३ चा हुकूम आहे: जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाहीं, तर तुरुंगाधिकाऱ्यानें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावें. महिनाभरांत जामीनदार मिळालाच नाहीं, तर कोर्ट आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करूं शकतें. गरिबाच्या जामिनासाठीं मदतीची केंद्राची योजनाहि २०२३ पासूनची.

त्या मजुराचें काय झालें? आम्हीं प्राधिकरणास एक साधें पत्र लिहिलें. वकील मिळाला, रक्कम कमी झाली, आणि माणूस घरीं आला. पत्रास एक पान लागलें; सात आठवडे कशास लागले, याचें उत्तर आम्हांस अजून कोणी दिलेलें नाहीं.

कोठडींतील माणसास वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीहि असो. फोन १५१००. फिर्याद देणाऱ्यानें तिची प्रत फुकट मागून घ्यावी. तपास कोठवर आला हें पोलिसांनीं नव्वद दिवसांच्या आंत त्यास कळवावयाचें आहे. ज्यांच्या घरचा माणूस आंत असेल त्यांनीं आज गुन्हा क्रमांक व अटकेची तारीख घेऊन येथेंच थांबावें. अर्ज आम्ही लिहून देऊं.