यंत्रातलं हसू

श्रोतेहो, नमस्कार. हे भाषण तुम्ही आत्ता ऐकताय, पण मी ते ध्वनिमुद्रित करून केव्हाच घरी गेले आहे. इथे उरलाय तो नुसता आवाज. समजा, तुम्ही त्याला काही विचारलंत आणि त्यानं उत्तर दिलं, तर? माणसाचं मन संगणकात उतरवून त्याला अमर करायचं, या विज्ञानकथांमधल्या कल्पनेचं बीज एवढंच आहे.

परकायाप्रवेश आपल्या ओळखीचा. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले, तेव्हा शिष्य मूळ देहाची राखण करत बसले, कारण जीव एकच होता. विज्ञानकथेत मात्र जीव कुठे जात नाही, त्याची प्रत निघते. अशी कथा वाचताना हा फरक धरून ठेवा.

विल्यम गिब्सनची १९८४ सालची ‘न्यूरोमॅन्सर’ पाहा. केस हा संगणकांवर दरोडे घालणारा. त्याचा गुरू डिक्सी मेलाय, पण त्याचं कसब, त्याच्या सवयी एका कॅसेटमध्ये भरून ठेवल्यात. केस त्याला चालू करतो, चार शब्द बोलतो, बंद करतो, पुन्हा चालू करतो. डिक्सीला मघाचं काही आठवतच नाही. तत्त्वज्ञानाची पानं न भरता गिब्सननं केवळ एका बटणात काम भागवलं! पुढे डिक्सी हसतो, आणि ते हसू नसतंच. ऐकून केसच्या अंगावर काटा येतो. मदतीच्या बदल्यात डिक्सी मागतो काय? काम झालं, की मला पुसून टाक.

याच्या उलट सूर लागतो ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या २०१६ सालच्या ‘सॅन जुनिपेरो’ या भागात. शेवटी दोन प्रेयसी संगणकातल्या समुद्रकाठच्या गावात नाचताहेत. मध्येच दिसते माणसाविना चालणारी खोली, यंत्राचा हात आणि रांगेनं लुकलुकणारे दिवे. गाणं मात्र तेच चालू राहतं. सुख खरं की दिवे खरे? दिग्दर्शक सांगत नाही, आणि तिथेच कान टवकारायचे.

अशा कथेतलं यंत्राचं वर्णन भरभर वाचलंत तरी चालेल. थांबायचं ते ‘मी’ कोण म्हणतंय आणि त्याच्याजवळ काय उरलेलं नाही, तिथे.

आता हा आवाज थांबेल. भाषण पुन्हा प्रसारित झालं, तर तो याच जागी श्वास घेईल, तुम्हाला ‘नमस्कार’ म्हणेल. आपण आधी भेटलोय, हे त्याच्या गावीही नसेल.